बहात्तराव्या पानानंतर

माझ्या खापरपणजोबांचा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या खोलीतून बेनी चहाचा कप घेऊन धावत आला आणि त्यातला अर्धा चहा स्वतःच्याच शर्टावर सांडून मोकळा झाला.

"काय झालं? शॉक बसला?"

"हात!" मी म्हटलं. "बेनी, हात दिसतोय!"

त्याने माझा चष्मा जवळजवळ ओढूनच घेतला आणि डोळ्यांवर चढवला. टेबलावर गंजिफाचं एक गोल पान होतं, बशीतल्या पुरीएवढं. त्या पानावर हवेत एक हात चालला होता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, अर्धपारदर्शक. चिमटीत कुंचला. तो हात माशाचे खवले रंगवत होता, एकामागून एक, अजिबात घाई न करता. शंभर वर्षांहून जुनं काम आमच्या डोळ्यांसमोर परत होत होतं.

"आई शप्पथ," बेनी म्हणाला. वेंगुर्ल्याचा बेनेडिक्ट डिसोजा मुंबईत वाढला आणि शपथा मराठीतच घेतो.

मी केतकी चितारी. सावंतवाडीच्या चितारी घरातली, पण चित्रकलेत अगदी ढ. मी गाय काढली तर लोक विचारतात, ही खुर्ची कुणाची? म्हणून मी इंजिनीअर झाले. आमच्या घरात पाच पिढ्या गंजिफा करतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, दगडाने घोटायचे, त्यावर रंग, शेवटी लाख. आमच्या घराण्याचं सर्वांत नावाजलेलं काम म्हणजे 'भिकाजी संच'. भिकाजी चितारी हे माझ्या वडिलांचे पणजोबा; संचाच्या रंगवलेल्या पेटीवर त्यांचंच नाव आहे. नगरपालिकेच्या नव्या संग्रहालयात तो संच मधोमध ठेवला जाणार होता, आणि अठरा एप्रिल २०४३ ला, जागतिक वारसा दिनी, त्याचं उद्घाटन होतं. लोकांनी चष्मा लावायचा आणि समोर साक्षात भिकाजी ओटीवर बसून पान रंगवताना दिसायचे. हे भिकाजी उभे करायचं काम आमच्याकडे होतं.

नुसती कार्टूनसारखी आकृती बसवायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आमच्याकडे थरवाचक होता. त्याच्या लहरी कापडातून, खळीतून, रंगातून आरपार जातात आणि प्रत्येक थरावरून थोड्याथोड्या परत येतात. किती वेळाने परत आल्या यावरून कुठला थर किती खोल, कुठे दाबलेला, कुठे सैल, हे कळतं. पानाला ओरखडासुद्धा पडत नाही. ओली खळ बोटाने दाबली की बोटावरच्या रेघा तिच्यात उमटतात. वरून घोटलं तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आतला दाब मात्र तसाच राहतो. रंगाच्या थरांवरून कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर, हे समजतं. एवढं सगळं हाती आलं की हात कसा धरला होता, किती जोर होता, कुठे थांबला होता, हे गणिताने मांडता येतं. आम्ही ते मांडलं होतं आणि हात चालायला लागला होता.

मी आनंदाने अक्षरशः टेबलाभोवती फिरत होते. बेनी मात्र पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होता.

"केतकी, तुझे खापरपणजोबा बुटके होते का?"

"सहा फूट. घरात त्यांचा कोट आहे."

"मग हा हात त्यांचा नाही. हा फारच लहान आहे. आणि बोटांच्या रेघा बघ, किती जवळजवळ आहेत. पुरुषाच्या बोटावर त्या लांब लांब असतात."

मी बघितलं. एकशेवीस पानं, एकच हात. खळीतही तोच आणि रंगातही तोच. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, आता आबांना कसं सांगायचं?

*

आबा, म्हणजे माझे वडील मोरेश्वर चितारी, ओटीवर बसून मत्स्यराजाचं पान रंगवत होते. त्र्याहत्तर वर्षांचे, पण पाठ ताठ. कुंचला रंगात बुडवला की ते डाव्या अंगठ्याच्या नखावर तीनदा टेकवतात, जास्तीचा रंग उतरवतात आणि मगच पानाला लावतात. ही लकब मी जन्मापासून बघत आले आहे. पान पूर्ण झालं होतं, फक्त डोळे राहिले होते. आमच्यात देवाचे डोळे शेवटी काढतात आणि ते घरातला थोरला पुरुषच काढतो. बायकांनी खळ शिजवायची, कापड चिकटवायचं, फार तर पाठीचा रंग भरायचा. शालूआत्याने दहा वर्षांची असताना गंमत म्हणून एका पानावर डोळे काढले होते. आजोबांनी ते पान चुलीत घातलं. आत्या आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि ही गोष्ट हसत सांगते. आम्ही कुणी हसत नाही.

"आबा, हात बाईचो दिसता," मी सरळ सांगून टाकलं.

"खळ बायकाच लावतत. तुझ्या आयेन लावली, शालू लावता. तेच्यात काय नवल?"

"खळीतले ठसे सोडा. डोळ्यांच्या काजळात पण तोच अंगठो आसा."

आबांचा कुंचला नखावरच थांबला.

"मगे तो खयच्यातरी शिकाऊ पोराचो आसात," ते म्हणाले. "पोराचे रेघो पण बारीकच आसतत मां?"

आणि ते खरं होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा ठसा आणि बाईचा ठसा नुसत्या रेघांवरून वेगळा काढता येत नाही. आबा सातवी शिकलेले, पण त्यांनी माझ्या सिद्धांतात बरोबर भोक पाडलं होतं.

"शिकाऊ पोरगो देवाचे डोळे काढता?" मी चिडून विचारलं.

"आणि बाई काढता?" आबांचा आवाज चढला. "पेटयेवर नाव भिकाजीचां आसा. शंभर वर्सां ह्या घरान त्याच नावावर मान खाल्लो. तू उद्या चार लोकांत सांगतलंस की माझो पणजो दुसऱ्याच्या कामावर नाव घाली? तसां करूचां आसात तर माका थय बोलावू नको. माझ्या पणज्याक चोर ठरवतत तां बघूक मी हार घालून येवचंय नाय."

ते आत निघून गेले. मत्स्यराजा बिनडोळ्यांचा पाटावर पडून राहिला. मी तिथेच बसले आणि मला खरंच रडू आलं. सगळं गाव टाळ्या वाजवणार आणि आबा घरी बसणार, असा दिवस मला नको होता. आणि दुसऱ्याचा हात भिकाजींच्या खांद्याला जोडून दाखवणं तर त्याहून नको होतं.

*

पुढचे चार दिवस आबा माझ्याशी बोलले ते फक्त "मीठ दी" एवढंच. उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोबाइलवर उगाच जुने स्कॅन चाळत होते आणि आत्या मोठ्या फळीवर कापडाला खळ लावत होती. तळहाताने पुढे रेटायचं, मागे आणायचं. तिचा हात खाली दबला की काचेची बांगडी ओल्या खळीत टेकत होती आणि एक अर्धगोल उठत होता. तिने बोटाने तो पुसला. पुन्हा रेटलं, पुन्हा उठला.

"बांगडी मेली आडवी येता," आत्या पुटपुटली.

"मगे गो?"

"मगे काय? दगडान घोटलां की जाता. वरसून दिसणा नाय."

वरून दिसत नाही! मी ताडकन उठले. चप्पल एक माझी, एक आत्याची, अशी घालून मी स्कूटर काढली.

आता माझी चूक सांगते, आणि ती लाजिरवाणी आहे. पहिल्याच स्कॅनमध्ये पानापानांवर अर्धगोल आले होते, ढिगाने. थरवाचकासारख्या यंत्रांत असे कंस येतात. ते यंत्राचा दोष म्हणून ओळखले जातात. मी पहिल्याच आठवड्यात एक गाळणी लिहिली आणि सगळे कंस पुसून टाकले. वर बेनीला ऐटीत सांगितलं, बघ, चित्र कसं स्वच्छ आलं! पंधरा वर्षांची असल्यापासून माझ्या मनगटात घड्याळाशिवाय काही नाही. चितारणीच्या घरात जन्मून बांगडीची खूण मी कचरा म्हणून झाडून टाकली होती.

"गाळणी काढ," मी धापा टाकत बेनीला म्हटलं.

"सगळे डाग परत येतील."

"येऊ देत!"

ते आले. अर्धगोलावर अर्धगोल, जोडीजोडीने, तळहाताच्या ठशाखाली बरोबर मनगट जिथे असेल तिथे. बेनीने त्यांची गोलाई मोजली. सगळ्यांचा व्यास एकच निघाला, सव्वादोन इंच. यंत्राचा दोष बांगडीच्या मापाने येत नाही. आणि शिकाऊ पोरगा बांगड्या भरत नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली, एवढी जोरात की हात झिणझिणले. मग आम्ही एकेक पान मोजायला बसलो. मत्स्य, कूर्म, वराह. प्रत्येक पानावर कंस. नरसिंह, वामन, परशुराम. प्रत्येक पानावर कंस. बहात्तर पानं झाली. मग रामाचं पहिलं पान आलं.

"इथे नाहीत," बेनी म्हणाला.

रामाच्या बारा पानांत नव्हते. पुढच्या तिन्ही अवतारांतही नव्हते. हात तोच, अंगठा तोच, डोळ्यांच्या काजळात तोच ठसा. फक्त बांगड्या नव्हत्या.

"यंत्र बिघडलं का मध्येच?" बेनीने विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. भिकाजी मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, शके १८४० च्या कार्तिकात. पेटीवर तारीख आहे माघाची. तीन महिन्यांचा हा फरक आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलं आहे, की पानं आधीच झाली होती, पेटी मागाहून रंगवली.

"यंत्र ठीक आहे," मी म्हटलं. "नवरा गेला तिचा. परशुराम आणि रामाच्या मध्ये."

बेनीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या बांगड्या फोडल्या गेल्या होत्या, आणि तिने उरलेली अठ्ठेचाळीस पानं पूर्ण केली होती, नवऱ्याच्या नावावर, एकही रेघ न हलवता.

"तिचं नाव काय?" बेनीने विचारलं. "फलकावर लिहायला हवं."

*

नाव कुठेच नव्हतं. आमच्या वंशावळीत सगळे पुरुष. नगरपालिकेच्या जुन्या मृत्यूनोंदीत एक ओळ सापडली, 'भिकाजी चितारी याची विधवा'. बस्स. ज्या हाताच्या रेघा मला आता माझ्या हातापेक्षा जास्त पाठ होत्या, त्या हाताला हाक मारायला शब्द नव्हता. आठ दिवस मी वेड्यासारखी हिंडले.

"आते, तुझी आजी तिची सून. ती काय म्हणा तिका?"

"सासूबाय म्हणा. सासूचां नाव सुनेन कसां घेवचां?" आत्या म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "खराच तिणा डोळे काढले?"

"सगळे. एकशेवीस पानांचे."

आत्याने हातातला चमचा खाली ठेवला आणि ती परसात निघून गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा असा काही उजळला होता की मी बघत राहिले.

आबांना विचारायची हिंमत मी सतरा तारखेला केली. कंस, बांगड्या, बहात्तर, अठ्ठेचाळीस, सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते.

"आबा, पणज्याक कोणी चोर म्हणणा नाय. तेची पेटी तिणाच भरली, तेचाच नाव घालून. पण तिचां नाव खयच नाय. तुमका म्हायत आसा?"

"भिकाजीची बायल," ते म्हणाले. "आमका तेवढांच म्हायत."

*

अठराला सकाळी मोती तलावाच्या काठावर नवं संग्रहालय माणसांनी भरून गेलं. फलकावर वर मी लिहिलं होतं, 'हा संच जिने घडवला ती', आणि पुढची ओळ कोरी ठेवली होती. बेनी म्हणाला, हे अर्धवट वाटेल. मी म्हटलं, अर्धवटच आहे.

आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. आबांची खुर्ची रिकामी. मी माइक हातात घेतला आणि तेवढ्यात मागच्या दारातून आबा आत आले. गळ्यात हार वगैरे काही नाही. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात चष्मा दिला.

मी भाषण गुंडाळलं आणि बटण दाबलं.

दीडशे माणसं एकदम "अरे!" म्हणाली. दालनाच्या मध्यावर ती बसली होती. चेहरा आम्ही दिला नव्हता. चेहरा आम्हाला माहीत नव्हता आणि खोटा द्यायचा नव्हता. पदर, खाली वाकलेली मान आणि प्रकाशात लखलखीत दिसणारे दोन हात. हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. तिच्या हातांखालून पानं निघत होती आणि हवेत वर जाऊन गोल फिरत होती, मत्स्य, कूर्म, वराह, माणसांच्या डोक्यांवरून अवतार तरंगत चालले होते. मुलं पानं धरायला उड्या मारत होती. एक म्हातारे मास्तर "शाबास, शाबास" असं तिला मोठ्याने म्हणत होते.

परशुरामाचं शेवटचं पान वर गेलं आणि किणकिण थांबली.

मोकळी मनगटं. हात मांडीवर पडलेले. मग उजव्या हाताने कुंचला उचलला, काजळात बुडवला आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. ते आम्ही कल्पनेने घातलेलं नव्हतं. प्रत्येक पानाच्या कडेला, अंगठा धरलेल्या जागी, नखावरून उडालेल्या रंगाचे तीन सूक्ष्म ठिपके होते. आणि मग तिने रामाचे डोळे उघडले.

मागून कुणीतरी वाट काढत पुढे येत होतं. आबा. डोळ्यांवर चष्मा तसाच. ते तिच्यासमोर येऊन थांबले आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"ह्यां मी आयेकडसून शिकलंय," ते म्हणाले. माझ्या हातातल्या माइकमुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "बापाशीकडसून नाय. आये कुंचलो तपासून बाबांच्या हातात दी. असोच. तीनदा."

मी माइक त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो धरला नाही, पण बोलत राहिले.

"माका भाषाण येणा नाय. भाद्रपदात भट येता. पानावर बसवता, नावां इचारता. मी सांगतंय. बाबांनी पाठ करून घेतलेली." त्यांनी डोळे मिटले आणि त्याच एकसुरी चालीत म्हणायला लागले, "माता सुशीला. पितामही आनंदी. प्रपितामही..."

ते थांबले. डोळे उघडले. दर वर्षी त्या दिवशी मी आणि आत्या आत वडे तळत असायचो. बाहेर आबा आणि भटजी काय पुटपुटतात, याकडे आम्ही कधी कान दिला नव्हता. आणि आबांनी ते कधी नावांसारखं ऐकलंच नव्हतं.

"द्वारका," आबा म्हणाले. "प्रपितामही द्वारका. माझ्या पणज्याची बायल. बत्तीस वर्सां मी तिका पाणी देतंय, आणि तिका वळखूक नाय."

त्यांनी दोन्ही हात जोडले, भरदिवसा, भर सभेत, आणि ते रडले. मीही रडले, आणि हसतही होते, दोन्ही एकदम. बेनीची बोटं कळफलकावर नुसती धावली. कोरी ओळ भरली, आणि हवेत, सगळ्या एकशेवीस पानांच्या मधोमध, अक्षरं उजळली: द्वारका चितारी. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मास्तर तर खुर्चीवर चढले होते.

त्यानंतर फोन थांबेचनात. येवल्याहून एका विणकर घरातून विचारणा आली, पैठणीच्या आतल्या थरात हात दिसेल का? मिरजेहून आली, तंबोऱ्याच्या लाखेत दिसेल का? बेनीने उद्घाटनाच्या संध्याकाळीच एक यादी करायला घेतली आणि ती अजून वाढतेच आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं.

घरी आलो. आबा न जेवता थेट ओटीवर गेले. मत्स्यराजाचं पान पाटावर तसंच होतं, बिनडोळ्यांचं. त्यांनी काजळाची वाटी पुढे ओढली, कुंचला धुतला आणि आत हाक मारली.

"शालू!"

आत्या पदराला हात पुसत आली.

"बस हय," आबांनी स्वतःचा बसायचा पाट दाखवला आणि कुंचला तिच्यापुढे धरला.

आत्या हलली नाही. माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आत चुलीच्या दिशेनेही बघितलं. अडुसष्ट वर्षांपूर्वीचं पान तिथे जळालं होतं. मग ती हळूच पाटावर बसली आणि घाईघाईने मनगटातल्या बांगड्या वर सारू लागली. वर राहीनात, तशी काढायलाच लागली.

"बांगडी लागतली रे पानाक," ती म्हणाली.

"काढू नको," आबा म्हणाले. "लागांदेत."

आत्याने कुंचला काजळात बुडवला आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर तीनदा टेकवला.